यॉर्कटाउनच्या स्तंभापाशी

प्रिय ताई,


लेकाला घेऊन यॉर्कटाउनचा विजयस्तंभ बघायला जाणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. एक विनंती आहे : तिथे फोटो काढून लगेच निघू नका.

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ रोजी इथेच कॉर्नवॉलिसच्या ब्रिटिश फौजेने वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवल्यामुळे इंग्रजांची पुरती कोंडी झाली होती. आजाराचं कारण सांगून कॉर्नवॉलिस स्वतः आलाच नाही. तलवार हाताखालच्या अधिकाऱ्याबरोबर पाठवली. तह व्हायला १७८३ उजाडलं, पण युद्धाचा निकाल इथेच लागला. स्तंभाचा ठराव अमेरिकी काँग्रेसने दहाच दिवसांत केला. पायाभरणी मात्र १८८१मध्ये झाली.

खांबाच्या बुंध्याशी नीट बघा. तेरा स्त्रिया हातात हात घालून फेर धरून उभ्या आहेत. त्या तेरा वसाहती. वर स्वातंत्र्यदेवता.

या फेरात जेम्स नाही. तो व्हर्जिनियातला गुलाम. कॉर्नवॉलिसच्या छावणीत वावरून तिथल्या बातम्या तो अमेरिकी बाजूने लढणाऱ्या लाफायेत या फ्रेंच सेनानीला पोचवत असे. युद्ध जिंकलं, तरी जेम्स गुलामच राहिला. लाफायेतने त्याच्या कामगिरीची लेखी ग्वाही दिली, तेव्हा कुठे १७८७मध्ये त्याची सुटका झाली. सुटकेच्या आशेने इंग्रजांकडे पळून आलेल्या गुलामांचे तर आणखी हाल. वेढ्यात अन्न संपत आल्यावर कॉर्नवॉलिसने त्यांना बाहेर काढलं. देवीच्या साथीत त्यांतले कितीतरी मेले.

हाच कॉर्नवॉलिस १७८६मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्या जोडीला होत्या. १७९२मध्ये टिपूचं निम्मं राज्य गेलं, त्यात पेशव्यांनाही वाटा मिळाला. पुढे सव्वीस वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीने पेशवाईच बुडवली. १८०५मध्ये कॉर्नवॉलिस गाझीपूरला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

एकाचं स्वातंत्र्य म्हणजे सगळ्यांचं स्वातंत्र्य नव्हे, हे त्या स्तंभावर कोरलेलं नाही. ते आपणच मुलांना सांगायला हवं. भाच्याला त्या विजयाचा अभिमान जरूर वाटू दे. ज्या देशात तो वाढतोय, त्याचा तो हक्कच आहे. पण वॉशिंग्टनच्या बरोबरीने त्याला जेम्सचं नावही पाठ असू दे, आणि कॉर्नवॉलिसला साथ देणारे आपलेही लोक होते, हेही त्याच्यापासून लपवू नकोस.

तुझा,
धाकटा भाऊ