आम्हीच दुरुस्त केलेला टॉर्च

मे महिन्याच्या सुट्टीत आपाचा मुलगा सिन्नरहून आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा तारा जास्त होत्या. नुकतीच अकरावी झालेली. ईदीच्या पैशांतून त्याने सोल्डरिंग गन घेतली होती. मल्टिमीटर आम्ही घेऊन दिला. आम्ही दोघं नवरा-बायको शाळेत शिकवतो, एक उर्दू-मराठी आणि दुसरा इतिहास. विज्ञान आमच्या घरी पाहुण्यासारखंच येतं. त्यामुळे पोरगा माळ्यावर बसून काहीतरी जोडतोय, मोबाइलमध्ये डोकं घालून बसत नाही, याचंच आम्हाला कौतुक.

जुन्या नाशकातल्या एका भंगारवाल्याकडून त्याने लॅपटॉपची मेलेली बॅटरी आणली आणि फोडली. आत सहा सेल निघाले, बोटापेक्षा जाड. या सेलला १८६५० म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. रुंदी १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचं शून्य सेल गोल नळीसारखा आहे म्हणून. सहा सेलच्या कडेला एक हिरवी पट्टी होती, तिच्यावर बारीकबारीक पुर्जे. ती त्याने कचऱ्यात टाकली. आम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खालू, नानीसाठी टॉर्च बनवतोय," तो म्हणाला. अम्मीला रात्री उठताना अंधारात दिसत नाही, आम्हाला भरून आलं.

चार दिवसांनी तो हिरमुसला होऊन खाली आला. पितळी नळी तयार, खाली बटण, पण काम होत नव्हतं. सेल मोजला की मीटर ४.१ व्होल्ट दाखवायचा, बटण दाबलं की आकडा धपकन खाली. आम्ही तिघांनी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली. जुना सेल नुसता मोजला तर धडधाकट वाटतो, ओझं टाकलं की त्याचा दम निघतो. पण दुसरा सेल घालूनही तेच. मग लहानपणीच्या एव्हरेडी टॉर्चची आठवण झाली. आम्ही बटणाखालची पट्टी पॉलिश पेपरने घासून दिली. ती काळी पडलेली होती. का काळी पडली, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. टॉर्चच्या बटणाची पट्टी चार दिवसांत जळत नाही.

घासल्यावर काम झालं. पोराने आम्हाला मिठीच मारली. पुढचा भाग, बल्बचा, तो माळ्यावर नेऊन बसवणार होता.

त्यानंतर घरात आंब्याचा वास यायला लागला. मे महिना, आंबे घरात होतेच. अम्मीने आयुष्याची तीस वर्षं सिन्नरला बिड्या वळल्या. मांडीवर सूप, तेंदूची पानं, हजारावर मजुरी. गल्लीच्या टोकाला कुणी बिडी पेटवली तरी तिला घरात कळतं. तिलाही काही कळलं नाही. या वासात तंबाखू नव्हतीच, निकोटिन मात्र होतं.

जुम्याच्या दिवशी नमाजहून येताना जिन्यातच त्याची किंकाळी ऐकू आली. कुर्त्याच्या खिशात नळीचं बटण दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. त्याने ती गॅलरीत भिरकावली. फरशीवर पडून ती बराच वेळ तडतडत होती, जवळ जायची हिंमत होईना. सेलने पेट घेतला नाही, एवढंच नशीब. त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन वितळून नळीला चिकटलं होतं. मांडीवर रुपयाएवढा भाजल्याचा डाग, दोन बोटं जळलेली.

डॉक्टरांनी मलमपट्टी करता करता विचारलं, "वेप होता का?" पोराने मान खाली घातली. आम्ही त्याच्याकडे पाहिलं, आणि ती घासलेली पट्टी आठवली.

त्या रात्री आम्ही त्याला बोललो नाही. बोलणार काय? "धूम्रपान वाईट" हे तो आमच्याच शाळेच्या भिंतीवर वाचत मोठा झालाय. म्हणून आधी आम्ही शिकायला बसलो. त्या नळीत बल्ब नव्हताच, तारेचं वेटोळं होतं. सेलची वीज तारेतून जाते, तार तापते, द्रव वाफ होऊन तोंडात जातो. २००३ मध्ये होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने आजच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटची कल्पना मांडली. बाजारातल्या चांगल्या उपकरणांत मध्ये सर्किट असतं, ते वीज आवरतं. आमच्या पोराच्या नळीत सेल आणि तार यांच्यामध्ये फक्त बटण होतं.

दुसऱ्या दिवशी त्यालाच मीटर हातात दिला. तारेचा रोध किती? ०.३ ओहम. भरलेला सेल ४.२ व्होल्ट. भाग दे. १४ अँपिअर. लॅपटॉपचा सेल असा ताण सोसायला केलेलाच नसतो. जास्त तापला की आतला प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळतो, दोन्ही बाजू भिडतात, आणि मग उष्णता आतूनच वाढत जाते. मे २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात वेप फुटून एका माणसाचा जीव गेला. आणि ती हिरवी पट्टी? जास्त वीज ओढली गेली की सेल बंद करणं हेच तिचं काम होतं.

भागाकार करताना पोराचा चेहरा उतरला. आमच्या रागाने तो इतका उतरला नसता, असं आम्हाला वाटतं.

कायद्याचंही सांगितलं. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, विकणं, आणणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. बनवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो म्हणाला, "खाला, मी तर घरी बनवली." कायद्यात घरी आणि कारखान्यात असा फरक आम्हाला सापडला नाही.

मग त्यानेही एक विचारलं. "मामू दिवसभर मावा खातात, त्यांना कोण काही म्हणतं?" गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि आमच्या घरच्या दस्तरखानावर त्याच्या पुड्यांवर विनोद होतात. आम्ही गप्प बसलो. अम्मी कोपऱ्यातून म्हणाली, "हजारो बिड्या वळल्या रे, एक ओढली नाही. खोकला मात्र मलाच लागला." तो नानीच्या पायाशी जाऊन बसला. तिने जळलेली बोटं हातात घेतली आणि विचारलं, "माझा टॉर्च?"

आपाला फोन करणं सगळ्यात अवघड गेलं. ती रडली, मग आमच्यावर चिडली. आधी सोल्डरिंग गनवर, मग मल्टिमीटरवर, मग "तुम्ही दोघं शिकलेले" यावर. बरोबरच होतं. द्रवाची बाटली कुठून आली, हे पोराने तिला सांगितलं, आम्हाला नाही. ते त्यांच्यात राहू दिलं.

उरलेल्या सेलची टोकं चिकटपट्टीने झाकून आम्ही ते वाळूच्या डब्यात गच्चीवर ठेवलेत. घरच्या कचऱ्यात टाकायचे नसतात, हे आता कळलं. ई-कचरा घेणाऱ्याकडे ते द्यायचेत. पोरगा जूनमध्ये सिन्नरला परत गेला. सोल्डरिंग गन आमच्या कपाटात आहे, तिची किल्ली अम्मीच्या पदराला.

गेल्या रविवारी तो येऊन गेला. जेवण झाल्यावर म्हणाला, "खालू, मीटर द्याल? फक्त मोजायचंय." मीटर दिला. गच्चीवर तो बराच वेळ होता. खाली आला तेव्हा वहीत सेलचे आकडे लिहिलेले होते, आणि खाली पेन्सिलीने एका पट्टीचं चित्र. "ही संरक्षणाची पट्टी विकत मिळते," तो म्हणाला, "नानीच्या टॉर्चला लागेल." वही अम्मीसमोर ठेवून तो तिच्या किल्लीकडे बघत राहिला. अम्मीने चष्मा लावून चित्र पाहिलं. किल्ली अजून तिच्याकडेच आहे.