कारंजा ते शिरपूर : पूजेच्या धोतराची पारख

वाशीम जिल्ह्यात येणारा जैन यात्रेकरू बहुधा दोन ठिकाणांच्या ओढीने येतो. एक कारंजा (लाड) आणि दुसरे शिरपूर. पहिले भट्टारकपीठांचे आणि ग्रंथभांडारांचे गाव, दुसरे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थ. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. आता समृद्धी महामार्ग त्याच्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो, त्यामुळे नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून येणारे कुटुंब एका दिवसात दोन्ही ठिकाणचे दर्शन घेऊ शकते. या यात्रेच्या सामानात एक वस्तू हमखास असते, आणि नसली तर वाटेतल्या पेठेत तिची खरेदी होते. ती म्हणजे पूजेचे धोतर. खरेदी लहानच, पण पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात मुरलेल्या घरांनाही ती अनेकदा फसवते.

कारंजा हे जुन्या श्रीमंतीचे गाव आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे येथे आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकडी कोरीव काम पाहण्यासाठी पाहुणा हमखास थांबतो. येथील भांडारांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे अपभ्रंश साहित्याचा मोठा ठेवा जगापुढे आला. पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’, कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ १९३० नंतरच्या दशकात छापले गेले. १९१८ साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाने अनेक पिढ्यांना शिक्षण दिले. गावातली कस्तुरीच्या हवेलीची कथाही प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक न मिळालेली उंटांवरची कस्तुरी येथील एका श्रेष्ठींनी विकत घेतली आणि ती हवेलीच्या बांधकामात घालवली, असे सांगतात. कथेतला इतिहास किती हा प्रश्न वेगळा. परंतु माल पारखून घेणारे आणि दिलेला शब्द पाळणारे गाव, ही कारंज्याची ओळख तिच्यात टिकून आहे.

हा सारा मुलूख कापसाचा. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडी कापसाला सोन्याचे मोल आले. पुढे मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा या मार्गाने यवतमाळपर्यंत अरुंद मापाची रेल्वे टाकली गेली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनले होते आणि ते १९९४ पर्यंत या रुळांवर धावले. मँचेस्टरच्या गिरण्यांना इकडचा कापूस हवा होता, आणि तो वाहणारे इंजिनही मँचेस्टरचेच! आज शकुंतला थांबली आहे आणि जिल्ह्यातील शेतांत सोयाबीनने मोठी जागा घेतली आहे. जुनी रीत मात्र बदललेली नाही. विदर्भातला कापूस गाठींच्या रूपाने बाहेर जातो आणि धोतराच्या घडीच्या रूपाने परत येतो. मधल्या प्रवासात त्याच्यात काय मिसळले गेले, हे गिऱ्हाइकाने स्वतःच ओळखावे लागते.

दुकानाच्या गादीवर धोतरांच्या घड्या उलगडू लागल्या की नावांचा गोंधळ सुरू होतो. शुद्ध सुती, टेरिकॉट, कॉटन सिल्क, आर्ट सिल्क, सेमी सिल्क अशी नावे कानांवर पडतात. यांतील आर्ट सिल्क म्हणजे कलेचे रेशीम नसून कृत्रिम रेशीम होय. लाकडाच्या लगद्यापासून रासायनिक क्रियेने बनवलेला रेयॉन त्यात असतो. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर आणि कापूस यांचे मिश्रण असते. ‘कॉटन सिल्क’ या नावाखाली खरे रेशीम असेल, रेयॉन असेल किंवा पॉलिएस्टरही असेल. नुसत्या नावावरून काहीच कळत नाही.

खऱ्या रेशमाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पूजेसाठी रेशमी वस्त्र शुद्ध मानण्याची चाल अनेक घरांत जुनी आहे आणि आजोबांचे रेशमी सोवळे आदराने जपून ठेवलेले असते. तथापि अखंड तंतू मिळावा म्हणून कोशातील जीवासह कोश उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घालतात, आणि एका वस्त्रासाठी असे हजारो कोश लागतात, हे कळल्यावर अनेक कुटुंबांनी सुती धोतर स्वीकारले. पतंग बाहेर पडल्यानंतर उरलेल्या कोशांपासून काढलेले ‘अहिंसा रेशीम’ही मिळते; पण ते महाग असते आणि त्याची खात्री विक्रेत्याच्या शब्दापलीकडे सहसा मिळत नाही. साधे सुती धोतर खिशाला परवडते आणि मनालाही.

स्वस्त म्हणजे हलके, असा समज मात्र येथे सोडावा लागतो. चांगले सुती धोतर ओळखण्याच्या काही जुन्या कसोट्या आहेत. पहिली कसोटी हाताची. नवे कापड बोटांत चोळले असता पांढरी भुकटी झडली, तर त्या कापडाचे अंग खळीचे आहे. पहिल्या धुण्यात ते लोळागोळा होईल. दुसरी कसोटी उजेडाची. एक पदर उजेडासमोर धरला असता वीण सर्वत्र सारखी दिसली पाहिजे. मध्येच विरळ पट्टे, जाड गाठी किंवा तुटलेले धागे दिसले तर घडी बाजूला ठेवावी. त्याच वेळी दुहेरी घडीखाली आपला तळहात ठेवून पाहावा. दुहेरी कापडातूनही बोटे स्पष्ट दिसत असतील, तर ते धोतर मंदिरात नेसण्याजोगे नाही.

तिसरी कसोटी काठाची. विणीतूनच आलेला काठ सरळ आणि घट्ट असतो; कापून शिवलेली किंवा चिकटवलेली कडा लवकर उसवते. काठ रंगीत असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासावा. रुमालाला रंग लागला, तर तोच रंग पुढे सबंध धोतराला लागेल. चौथी कसोटी सुताच्या नंबराची. एका पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. म्हणून ८० नंबरचे सूत ४० नंबरच्या सुताहून बारीक. बारीक सूत मऊ असते, पण वीण विरळ असेल तर त्याचा उपयोग नाही. रोज पूजा करणाऱ्याला मध्यम सुताचे, दाट विणीचे धोतर अधिक दिवस टिकते.

पाचवी कसोटी मापाची. सर्वसाधारण धोतर चार मीटरच्या आसपास असते. उंच किंवा स्थूल व्यक्तीस पाच वार, म्हणजे सुमारे साडेचार मीटर लागते. पन्हाही मोजून घ्यावा, कारण कमी पन्ह्याचे धोतर पोटरीवरच थांबते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, हे धरूनच माप ठरवावे आणि दोन धोतरांची किंमत प्रतिवार काढून तुलना करावी.

शेवटची कसोटी अग्नीची. ती दुकानदाराच्या संमतीने, कडेचा एकच धागा चिमट्यात धरून आणि खाली ताटली ठेवून करावी. कापूस कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राखाडी राख होते. रेयॉनही तसाच जळतो, म्हणून त्याची ओळख पाण्याने होते. ओला झाला की तो कमजोर पडतो, तर कापसाचा धागा ओला झाल्यावर अधिक चिवट होतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कठीण मणी बनतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. छापील खुणाही उपयोगी पडतात. रेशमासाठी २००४ पासून ‘सिल्क मार्क’ आणि हातमागाच्या मालासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. साध्या सुती धोतरावर अशी खूण नसली, तर पक्क्या पावतीवर ‘शंभर टक्के सुती’ असे लिहून घ्यावे. जो दुकानदार हे आनंदाने लिहून देतो, त्याच्याकडे पुन्हा जावे.

येथे प्रश्न केवळ गिऱ्हाइकाच्या शहाणपणाचा राहत नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मापांबरोबर ‘प्रतिरूपक व्यवहार’ही येतो. खऱ्या मालाच्या नावाने त्याच्यासारखा दिसणारा दुसरा माल देणे, असा त्याचा अर्थ. पॉलिएस्टर मिसळलेले धोतर ‘शुद्ध सुती’ म्हणून विकणे हा त्याचा आजचा नमुना. पॉलिएस्टर विकण्यात दोष नाही. ते पॉलिएस्टर आहे हे न सांगण्यात आहे. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी कापडाचेच दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणून ज्या प्रश्नाचे खरे उत्तर अपेक्षित असते, तोच प्रश्न उद्या आपल्या गादीसमोर कोणी विचारील, हे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

कारंज्याहून मंगरूळपीरमार्गे वाशीम गाठले की या वस्त्राची परंपरा आणखी मागे जाते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील पाचव्या शतकातील राजा हरिषेण; त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. अजिंठ्याच्या भिंतींवर राजे आणि सेवक बहुतेक न शिवलेल्या, कमरेला गुंडाळलेल्या वस्त्रांतच दिसतात. कोणाचे साधे, कोणाचे पट्ट्यापट्ट्यांचे.

असे वस्त्र केवळ भारतात होते असेही नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील पुरुष पूर्वी लांबच लांब लोकरी कापड हातांनी चुण्या घालून कमरपट्ट्याने बांधत. त्याचेच शिवलेले रूप म्हणजे आजचा किल्ट. पारंपरिक किल्टला आठ वार लोकरी कापड लागते, म्हणून तो महाग पडतो. लोकर नको असणाऱ्यांसाठी पॉलिएस्टर-व्हिस्कोसचा स्वस्त किल्ट मिळतो. तेथेही जाणते गिऱ्हाईक चुण्या किती खोल आहेत आणि चौकडी चुणीगणिक जुळते का, ते पाहते. चांगल्या किल्टची खालची कडा दुमडून शिवलेली नसते, तो विणीतलाच काठ असतो. परदेशी शिकणाऱ्या मुलाला समारंभासाठी असा किल्ट घ्यावा लागला, तर आजोबांची धोतराची कसोटी त्याला तेथेही उपयोगी पडेल.

वाशीमहून शिरपूर जवळच, मालेगाव तालुक्यात आहे. भूमीचा आधार न घेता स्थित मानली गेलेली पार्श्वनाथांची श्यामवर्ण मूर्ती पाहण्यासाठी दूरदूरचे भाविक येतात. येथे वस्त्राची खरी परीक्षा होते. श्वेतांबर परंपरेत धोतर आणि खेस, दिगंबर परंपरेत धोतर आणि दुपट्टा. दोन्हींकडे पूजेचे वस्त्र न शिवलेले असावे हा संकेत आहे. अलीकडे इलॅस्टिक लावलेले, आयत्या निऱ्या शिवलेले धोतर दुकानांत मिळते. नेसता न येणाऱ्या तरुणांना ते सोपे वाटते, पण ज्या कारणासाठी धोतर घ्यायचे तेच त्यात हरवते. निऱ्या घालणे एखाद्या दुपारी वडिलांकडून शिकता येते, आणि त्यासाठी दुकानात जावे लागत नाही.

नवे धोतर घेतल्यावर ते घरी दोनदा धुवावे, सावलीत वाळवावे, पुन्हा मोजावे आणि पूजेपुरतेच वेगळे ठेवावे. पर्युषणाच्या तोंडावर पेठेत गर्दी असते, तेव्हा कसोटीला वेळ मिळत नाही. म्हणून खरेदी महिनाभर आधी करावी. खळ जाऊन सूत मऊ झालेले, घरच्या धुण्याचे असे धोतर शिरपूरच्या यात्रेला न्यावे. त्यात काय आहे, हे नेसणाऱ्याला तेव्हा कोणालाही विचारावे लागत नाही.