शेळी स्थिर उभी राहत नाही, म्हणून...

जवळपास एखादी पेन्सिल आहे का? मग पुढचं वाचण्याआधी एक काम करा. कुठेही न बघता शेळीचा मागचा पाय काढा. अख्खी शेळी नको, फक्त एक पाय. कमरेपासून खुरापर्यंत.

काढलात? आता त्या पायाचा गुडघा जिथे असेल तिथे फुली मारा.

बहुतेकांची फुली पायाच्या मधोमध असणार, तो मागच्या बाजूला आलेला कोपरा असतो ना, तिथे. काहींनी टेबलासारखा सरळसोट पाय काढला असेल, त्यांना फुली मारायला जागाच सापडली नसेल! पण गंमत अशी, की तो मागे आलेला कोपरा म्हणजे शेळीचा गुडघा नव्हेच. ती तिची टाच! खरा गुडघा पार वर, पोटाला लागून असतो आणि तो आपल्या गुडघ्यासारखा पुढेच वळतो.

खरं वाटत नाही? उभे राहा. टाचा उचलून चवड्यांवर या. गुडघे थोडे वाकवा. आता आरशात बाजूने बघा. तुमची टाच मागे, हवेत, आणि गुडघा पुढे. कुत्री-मांजरं अशीच सदा न कदा बोटांवर चालतात. शेळी आणि गाय तर त्यांच्याही पुढे गेल्या. त्या पायाच्या दोन बोटांच्या नखांवर उभ्या असतात. खूर म्हणजे नखच की! घोडा बिचारा एकाच बोटावर. अस्वल मात्र आपल्यासारखं ऐसपैस टाच टेकवून चालतं. आणि पुढच्या पायाच्या मध्यावर आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते असतं मनगट.

हे सगळं आता तुम्हांला कळलं. तरी उद्या शेळी काढायला बसलात तर पाय पुन्हा टेबलाचाच येईल, पैज लावा! कारण ते डोक्याला कळलंय, हाताला अजून नाही. हाताला कळायला किती दिवस लागतात? मला विचाराल तर एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा.

आमच्या घरामागे एका मावशींचा गोठा आहे. गोठा कसला, पत्र्याचं छप्पर आणि चार खांब. त्यात तीन शेळ्या. एक काळी, एक तांबडी आणि एक पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. तिचं नाव अर्थातच ठिपकी. मला लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढावी लागतात आणि त्यांत प्राणी असतातच असतात. फोटो समोर ठेवून काढलेले प्राणी मला नेहमी भुसा भरलेले वाटतात. म्हणून ठरवलं, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं मागच्या पायरीवर बसायचं आणि शेळ्या काढायच्या. पंधराच मिनिटं. रविवारी तीन तास बसून सहा दिवस काहीच न करण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं केव्हाही जास्त कामाची, हा माझा अनुभव आहे. पोहायला शिकताना नाही का आपण रोज पाण्यात उतरत?

आता अडचण ऐका. शेळी स्थिर उभी राहत नाही! तोंडाची बाह्यरेषा काढून मानेपर्यंत यावं, तोवर मान दुसरीकडे. पाठ काढावी, तर बाईसाहेब खांबावर पुढचे पाय ठेवून छपराचा वाळका पाला ओढतायत. पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत एकही पूर्ण शेळी नव्हती. नुसते कान, पाठी, अर्धे पाय. पण वैतागू नका, कारण यातच खरी किल्ली आहे. अर्धं सोडलेलं चित्र खोडायचं नाही. त्याच्या शेजारी दुसरं सुरू करायचं, मग तिसरं. प्राण्यांच्या काही ठरलेल्या लकबी असतात. पाला ओढणं, मान वळवून अंग चाटणं, बसून रवंथ करणं. दोन मिनिटांनी ती शेळी पुन्हा त्याच पहिल्या पवित्र्यात येते. आली, की आपण पहिल्या चित्राकडे परत जायचं. एका पानावर अशी पाच-सहा चित्रं एकदम शिजत ठेवायची, चुलीवर एकाच वेळी भात, आमटी आणि दूध ठेवतात तशी!

आणि सुरुवात नेहमी एकाच रेषेने. डोक्यापासून मानेवरून, पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारी रेषा. कणा म्हणा ना. ती अर्ध्या मिनिटात कागदावर आली पाहिजे. ती जमली, की शेळी बसलीय, चाललीय की दचकलीय, हे नुसत्या त्या रेषेवरूनच कळतं. केस, शिंगं, ठिपके हे सगळं नंतर. बाजारात ‘दोन गोल काढा, त्यांना जोडा, झालं मांजर’ अशी पुस्तकं मिळतात. ती वाईट नाहीत, पण त्यांतून तुम्हांला ते एकच मांजर येतं. तुमच्या ओट्यावरचं मांजर येत नाही.

जपानमध्ये होकुसाई नावाचा एक मोठा चित्रकार होऊन गेला. जन्म १७६०, मृत्यू १८४९. लाटेचं त्याचं प्रसिद्ध चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. १८३४ साली छापलेल्या एका पुस्तकाच्या शेवटी त्याने लिहून ठेवलंय, की सहाव्या वर्षापासून मी चित्रं काढतोय, पण पशुपक्षी, किडे, मासे आतून कसे घडलेले असतात हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कुठे थोडंसं कळलं! तो एवढ्यावर थांबला नाही. १८४२-४३ मध्ये, ऐंशी उलटून गेल्यावर, त्याने रोज सकाळी एक सिंह काढायचा नेम धरला. कुरळ्या आयाळीचे, नाचणारे, फुरंगटलेले, पाठमोरे सिंह. भराभर, कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत. त्यांतले दोनशेहून अधिक आजही जपून ठेवलेले आहेत. तेव्हा तीन आठवडे सराव करून ‘मला काही येत नाही बुवा’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पण नुसता हात तयार असून भागत नाही बरं का. प्राणी समोर असावा लागतो. याची एक मजेदार गोष्ट आपल्याकडूनच सुरू होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगिजांना एक गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजात बसून १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोचला. युरोपात शेकडो वर्षांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर हा त्या काळचा अव्वल चित्रकार. त्याच्या ससाच्या चित्रातला केस न् केस मोजून घ्यावा! पण गेंडा त्याने पाहिलाच नाही. कुणीतरी पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावर त्याने चित्र केलं. कातडीच्या घड्यांचं झालं चिलखत, पायांवर आले खवले आणि मानेच्या मागे उगवलं एक जास्तीचं छोटं शिंग! चित्र देखणंच आहे. इतकं देखणं, की पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपातल्या पुस्तकांतून गेंडा म्हणून हाच छापला जात होता.

याउलट आपला उस्ताद मन्सूर. जहांगीर बादशहाच्या दरबारी १६२१ साली एक झेब्रा आला. लोकांना वाटलं, कुणीतरी गाढवाला पट्टे रंगवलेत! मन्सूरने त्या जनावराचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पायावरचे पट्टे खाली जाता जाता कसे बारीक होतात ते त्यात बघा. अंदाजाने अशी रेष येत नाही.

अर्थात डोळ्यालाही मर्यादा असते. धावणाऱ्या घोड्याचे पाय आपल्याला नीट दिसतच नाहीत. पूर्वीचे चित्रकार चौखूर उधळलेला घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवत. जेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या १८२१ सालच्या शर्यतीच्या चित्रात घोडे असेच अधांतरी पसरलेले आहेत. मग १८७८ साली अमेरिकेत मायब्रिजने ओळीने बारा कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे लागोपाठ फोटो घेतले. चारही पाय हवेत असतात हे खरं निघालं, पण ते असतात पोटाखाली गोळा झालेले! फोटो आणि व्हिडिओ मी वापरते ते अशा शंका सोडवायला. चित्र मात्र गोठ्यातच.

तर पुन्हा गोठ्याकडे येऊ. दोन महिने माझ्या वहीत काही फरक दिसत नव्हता. दिसत होता तो मला शेळ्यांमध्ये. बसताना शेळी आधी पुढचे पाय मुडपते, उठताना मात्र आधी मागचं अंग उचलते. घोडा उठताना याच्या उलट करतो. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी, फटीसारखी. चावताना खालचा जबडा नुसता वर-खाली न होता आडवा फिरतो, जात्यासारखा. लांबून शेळी की मेंढी ओळखायची असेल तर शेपटी बघा, शेळीची वर आणि मेंढीची खाली. एकेक गोष्ट दिसत गेली आणि दिसली की दुसऱ्या दिवशी हात ती आपसूक काढायला लागला. दिवाळीच्या सुमारास मी मागचा पाय न थांबता काढू शकले, टाचेसकट.

डिसेंबरातली गोष्ट. मी प्रत्येक पानावर तारीख घालते. एका रात्री सहज पानं उलटताना दिसलं, की ठिपकी सलग चार दिवस खांबाला टेकून उभी आहे आणि चारही दिवस तिच्या डाव्या मागच्या पायाचं खूर नुसतं टोकावर टेकलंय. त्या बाजूची कंबरही जराशी वर. मी काही ते मुद्दाम काढलं नव्हतं. जसं दिसलं तसं उतरलं होतं.

सकाळी मावशींना म्हटलं, “मावशी, ठिपकीचा डावा पाय जरा बघता का?”

“काही नाही गं, टेकून उभं राहायची खोडच आहे तिला.”

मी वही पुढे केली. सप्टेंबरची पानं, ऑक्टोबरची पानं. त्यांत ठिपकी कुठेच टेकलेली नव्हती. टेकायची ती तांबडी.

मावशी वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग ओचा खोचून ठिपकीपाशी बसल्या, पाय धरला आणि दुभंगलेलं खूर फाकवून पाहिलं. आत बाभळीचा काटा, अर्धा मोडलेला. भोवती सूज आणि पू. ठिपकी तेव्हा गाभण होती. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी काटा काढला, जखम धुतली, औषध दिलं. आणखी आठवडाभर तसंच राहिलं असतं तर पाय कठीण होता, म्हणाले. मावशींच्या घरचा चहा आणि नातवाची फी त्या तीन शेळ्यांवर चालते. “दिवसातून चारदा दाणा-पाणी करते मी तिचं,” त्या मला म्हणाल्या, “आणि मला दिसलं नाही!” त्यांना वाईट वाटत होतं, पण त्यात त्यांची काय चूक? कामाच्या घाईत आपण ‘शेळी’ बघतो. तिचं खूर बघायला कुणी पायरीवर पंधरा मिनिटं रिकामं बसतं का?

फेब्रुवारीत ठिपकीला दोन करडं झाली. करडं काढणं म्हणजे शेळ्या काढण्याहून दहापट अवघड. पण त्यांचा मागचा पाय आईसारखाच, टाच हवेत.

आईबाबांनो, आता तुमच्यासाठी दोन ओळी. मुलं असा सराव करायला लागली, की पहिल्या महिन्यातली वही बघून ‘हे काय काढलंयस?’ असं कृपा करून विचारू नका. तारीख घातलीय का, एवढंच विचारा. महागडी चित्रकलेची वही तर आणूच नका. चांगल्या कागदावर मुलं जपून जपून काढतात आणि जपून काढलेली शेळी हमखास टेबल होते. पाठकोरे कागद दोऱ्याने शिवून द्या. पेन्सिल चारबी असली तर उत्तम, साधं बॉलपेनही चालतं. खोडरबर कपाटात राहू द्या. सुट्टीत राणीच्या बागेत किंवा कात्रजला न्याल, तेव्हा सगळे पिंजरे एका दमात बघायचा हट्ट सोडा आणि एकाच प्राण्यापुढे अर्धा तास बसू द्या. वाघ झोपलेला असेल तर नशीबच समजा, त्याच्याएवढा गुणी मॉडेल नाही! ज्यांना हे शक्य नाही त्यांच्या जिन्याखाली एक कुत्रं झोपलेलं असतंच. त्याला उठवू नका.

माझं म्हणाल तर शेळ्यांनंतर आता कावळा घेतलाय. तो जास्त पाजी आहे. त्याच्याकडे एकटक बघितलं की त्याला लगेच कळतं आणि तो उडून जातो. म्हणून मी वहीत बघत असल्यासारखं करून तिरक्या नजरेने बघते. सतरा दिवस झाले, अजून त्याच्या मानेचा आणि पाठीचा सांधा मला सापडलेला नाही. काल कठड्यावर ठेवलेला पेन्सिलीचा तुकडा त्याने उचलून नेला. आज पेनाने काढते आहे.