रस्सा सांडला तेव्हा

कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊन आम्ही मिसळ खायला बसलो. कट वाढताना मुलाचा हात हलला आणि माझ्या नव्या इरकलीवर लालभडक रस्सा! गल्ल्यावरून मालक ओरडले, "पगारातून कापीन!" पोराचा चेहरा पार उतरला.

"अहो, माझाच धक्का लागला," मी म्हटलं. खोटं बोलले खरी. पण आपल्या हातून कधी आमटी सांडत नाही का?

मैत्रिणींनो, अशा वेळी आधी "भाजलं नाही ना रे?" विचारा. मग डाग टिपा, चोळू नका. घरी साबणाने हळद लाल होईल. घाबरू नका, उन्हात फिकी पडते.

निघताना तो दारापर्यंत आला. "ताई, रंकाळा असा सरळ जावा!"