थंडीचें गाणें

विक्षिप्त माणसांविषयीं आमचें मत कधींच फारसें अनुकूल नव्हतें. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी शिकवून प्रत्येक गोष्ट आपापल्या खणांत ठेवण्याची खोड आम्हांला जडली आहे. जें कोणत्याच खणांत बसत नाहीं, त्याला 'चाळे' म्हणून आम्ही मोकळे होतों. म्हणून गेल्या पावसाळ्यांत आमच्या कन्येनें संगणकावर एका गवयाची चित्रफीत लावली, तेव्हां आम्ही प्रथम हंसलों. चुन्यासारखा पांढरा चेहरा, काळे ओठ, गळ्याभोंवतीं जुन्या दरबारी थाटाची झालर! पण तो गाऊं लागला आणि आमचें हंसूं ओठांतच राहिलें. गाणें 1691 सालच्या 'किंग आर्थर' या संगीत नाटकांतलें. चाल हेन्री पर्सेलची, शब्द जॉन ड्रायडनचे. ज्याच्यावर आम्ही वर्षानुवर्षें टिपणें उतरवून देत आलों, तोच हा ड्रायडन!

गवयाचें नांव क्लाउस नोमी. मूळचा क्लाउस श्पेर्बर. जन्म 1944 सालीं बव्हेरियांत. लहानपणीं चोरलेल्या पैशांनीं त्यानें एल्विस प्रेस्लीची ध्वनिमुद्रिका आणली. आईनें ती बदलून मारिया कॅलासची आणली. आणि आपल्याला दोन्ही आवडल्या, असें तो सांगत असे. त्याच्या सार्‍या आयुष्याचें सूत्र या गोष्टींत आहे. बर्लिनच्या ऑपेरागृहांत तो प्रेक्षकांना जागा दाखवी आणि प्रयोग संपल्यावर तेथल्या नोकरमंडळींना गाऊन दाखवी. पुरुषाच्या गळ्यांतून निघणार्‍या त्या उंच, स्त्रीसदृश स्वराला रंगमंचावर मात्र जागा मिळाली नाहीं. बालगंधर्वांना डोक्यावर घेणार्‍या प्रांतांत वाढलेल्या आम्हांला तरी त्याचें हंसूं यावयास नको होतें!

पुढें तो न्यूयॉर्कला गेला. तेथें केक-पेस्ट्री करून पोट भरीत असतां 1978 सालीं 'न्यू वेव्ह' मंडळींच्या एका खेळांत तो सेंत-सांसच्या ऑपेरांतलें दलीलाचें पद गायला. गिटारींच्या गोंगाटाला सरावलेले तरुण स्तब्ध झाले. मग जोडीदार मिळत गेले. क्रिस्टियन हॉफमननें त्याच्यासाठीं गीतें रचलीं. डिसेंबर 1979 मध्यें डेव्हिड बोवीनें दूरचित्रवाणीवर त्याला आणि जोई एरियसला साथीला घेतलें. बोवीचा प्लास्टिकचा पोषाख इतका ताठ होता कीं या दोघांनीं त्याला उचलून पुढें आणून ठेवलें. नोमीला तो पोषाख एवढा भावला कीं त्यानें तशाच धर्तीचा स्वतःसाठीं करविला. 1981 आणि 1982 सालीं त्याच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांत पर्सेलच्या शेजारीं नाचाचीं उडतीं गाणीं निःशंकपणें बसलेलीं आहेत. या यशाच्या वाटेवर जुने साथीदार मागें पडले, हेंही लपवितां येत नाहीं.

आम्हीं पाहिलेला कार्यक्रम डिसेंबर 1982 मधला, म्यूनिकचा. संगीत-संयोजक एबरहार्ड श्योनर. तेव्हां नोमी आजारी होता. 6 ऑगस्ट 1983 रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, एड्सनें तो न्यूयॉर्कमध्यें वारला. त्या काळीं या रोगाची धास्ती एवढी होती कीं जिवाभावाचीं माणसेंही रोग्याला स्पर्श करावयास कचरत.

नाटकांत मदन हिमाखालीं निजलेल्या थंडीच्या देवतेला उठवितो, आणि ती थरथरत विनविते कीं मला पुन्हा गोठून जाऊं द्या. मूळ गाणें खर्जांतल्या गळ्यासाठीं आहे; नोमीनें तें उंच स्वरांत नेलें. आमच्या टिपणांत या प्रवेशाला एकच ओळ आहे: 'केवळ नेत्रसुखासाठीं घातलेला प्रसंग.' ज्याला आम्ही चाळे म्हणालों, त्यानें त्या ओळीखालचा माणूस आम्हांला दाखविला.

यंदा ड्रायडनचा तास आला तेव्हां आम्हीं टिपणें मिटलीं आणि तें गाणें वर्गांत लावलें. मागच्या बांकावरचीं मुलें हंसलीं. आम्ही कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें तींही गप्प झालीं.