विमानाचा सातबारा

माझे वडील तलाठी होते. लोक काखेत कागदांची पिशवी घेऊन घरी यायचे, आणि पिशवीची गाठ सुटायच्या आधी बाबा एकच विचारायचे, "गट नंबर काय?" नाव, गाव, भावकीतलं भांडण, सगळं त्यानंतर. शेजारशेजारच्या दोन वावरांत डोळ्यांना काही फरक दिसत नाही, फरक असतो तो सातबाऱ्यावर. हे रोज कानावर पडत मी मोठी झाले. तरीही वैमानिकाचं शिक्षण घेताना एका सकाळी गट नंबर न बघताच मी निघाले होते.

तेव्हा माझे साठेक तास उडून झाले होते. आमच्या प्रशिक्षण संस्थेकडे चार सेसना 172 होती. त्यातली तीन 'एस' मॉडेलची आणि एक 'आर', ती नुकतीच ताफ्यात आलेली. चारही पांढरी, चार आसनांची, वर पंख असलेली. इतकंच काय, दोन्ही मॉडेलचं इंजिनही एकच, लायकमिंगचं आयओ-360-एल2ए. पण एसमध्ये ते मिनिटाला 2700 फेऱ्यांपर्यंत फिरवायची मुभा आहे आणि त्यातून 180 अश्वशक्ती मिळते. आरमध्ये 2400 फेऱ्यांवर थांबायचं, शक्ती 160. एसचा पंखा इंचभर लांब. उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन एसला 1157 किलो, आरला 1111. उभ्या विमानाकडे बघून यातलं काहीही कळत नाही. ते कळतं विमानातल्या पुस्तकावरून, म्हणजे फ्लाइट मॅन्युअलवरून.

या पुस्तकाबद्दल बाहेरच्यांचाच नाही, शिकणाऱ्या मुलांचाही गैरसमज असतो. मिक्सरबरोबर येतं तसलं माहितीपत्रक, एकदा वाचलं की झालं, असं वाटतं. शिवाय अभ्यासासाठी प्रत्येकाकडे त्याची झेरॉक्स असतेच. पण अभ्यासाची प्रत वेगळी आणि विमानाची प्रत वेगळी. कारखान्यातून विमान निघतं तेव्हा त्याचं मॅन्युअल त्याच्याबरोबर निघतं, आणि पहिल्या पानावर त्या एकाच विमानाचा अनुक्रमांक असतो. सेसना ज्या देशात बनते त्या अमेरिकेत तर 1 मार्च 1979 नंतर पहिल्यांदा उडालेल्या प्रत्येक विमानाला स्वतःचं मंजूर मॅन्युअल असलंच पाहिजे, असा नियम आहे. पुस्तकाचे नऊ विभाग. दुसरा विभाग मर्यादांचा, आणि त्यातला आकडा म्हणजे सल्ला नव्हे, कायदा. नववा विभाग पुरवण्यांचा. विमानात नवा जीपीएस बसवला की त्याची पुरवणी तिथे लागलीच पाहिजे.

बाकीचे कागद सीटमागच्या पिशवीत असतात. 1944 साली शिकागोला झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 29 व्या कलमात त्यांची यादी आहे: नोंदणीचा दाखला, विमान उडण्यालायक असल्याचा दाखला, चालकांचे परवाने, प्रवासाची नोंदवही, रेडिओचा परवाना, आणि माणसं किंवा माल असेल तर त्यांची यादी. आपल्याकडे डीजीसीएच्या नियमावलीत ही यादी आणखी लांबते. त्यात फ्लाइट मॅन्युअल येतं, वेट शेड्यूल येतं, दरवर्षीच्या तपासणीनंतरचं एआरसी येतं. मी ही यादी पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती, मार्क मिळवले होते. हे कागद एकमेकांना कसे बांधलेले असतात ते मात्र कोणी विचारलं नव्हतं आणि मीही शोधलं नव्हतं. उडण्यालायक असल्याचा जो दाखला, ज्याला हँगरमध्ये सगळे सी ऑफ ए म्हणतात, तो बिनशर्त नसतो. विमान ठरलेल्या मर्यादांत राहून चालवलं तरच तो लागू, आणि त्या मर्यादा लिहिलेल्या असतात मॅन्युअलमध्ये. पुस्तक चुकीचं असेल तर दाखल्याच्या खालची जमीनच सरकते.

त्या सकाळी क्रॉस कंट्री होती, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंत जाऊन परत यायचं. विमान आर, मी त्यात पहिल्यांदाच बसणार होते. शेजारी इन्स्ट्रक्टर सर, मागे बघून शिकायला आणखी एक मुलगा. लोड शीट भरायचं काम माझं. मी विमानातलं पुस्तक काढून घेतलं, झेरॉक्सवर भागवलं नाही, याचा मला त्या वेळी अभिमानच वाटला होता. दुसरा विभाग उघडला, कमाल वजन 1157 किलो. ते चौकटीत लिहिलं. विमानाचं रिकामं वजन डिस्पॅचच्या फळ्यावर होतं, 767. भरलेल्या टाक्या 144. सर 82, मी 56, मागचा मुलगा 74, सामान 16. बेरीज 1139. मर्यादेच्या आत. मी सही केली, सरांनीही केली.

रिकामं वजन फळ्यावरून न घेता वेट शेड्यूल उघडलं असतं, तर कमाल वजन 1111 त्यावर लिहिलेलं होतं. दोन कागद समोरासमोर आले असते आणि माझ्या लक्षात आलं असतं. पण पिशवीतून कागद काढायला लागणारं अर्धं मिनिट मी वाचवलं.

इंजिन सुरू झालं. टॅक्सी करून धावपट्टीच्या तोंडाशी आलो, रन-अपसाठी ब्रेक दाबून उभे राहिलो. थ्रॉटल पुढे सारायच्या आधी माझी नजर फेऱ्यांच्या घड्याळावर गेली. रोज ज्या घड्याळाकडे बघायचे तसंच घड्याळ, पण हिरवी कमान लवकर संपत होती. लाल रेघ 2400 वर. मला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. पुन्हा बघितलं.

"सर, लाल रेघ 2400 ला आहे. पुस्तकात 2700 लिहिलंय."

सरांनी एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुस्तक मागितलं. पहिलं पान उघडलं. त्यावरचा अनुक्रमांक 172 एस असा सुरू होत होता. सरांनी टॉवरला परत येत असल्याचं सांगितलं. अॅप्रनवर पोचून मिक्स्चर मागे ओढलं, पंखा दोनदा अडखळून थांबला. मागच्या मुलानं विचारलं, "काय झालं?" कोणीच उत्तर दिलं नाही.

आम्ही मर्यादेपेक्षा 28 किलो जड होतो. विमान उडालं असतं का? बहुतेक उडालं असतं. पण टेकऑफला किती धावपट्टी लागणार, चढताना कोणता वेग धरायचा, हवेच्या धक्क्यांत कोणत्या वेगाच्या वर जायचं नाही, हे सगळे आकडे मी दुसऱ्याच विमानाचे डोक्यात घेऊन बसले होते. आणि पुस्तकावर विश्वास ठेवून 2700 फेऱ्यांपर्यंत इंजिन पळवत राहिले असते.

घडलं होतं ते असं. आर आणि एक एस एकाच आठवड्यात हँगरमध्ये होती. दोघींची पुस्तकं नवी पानं घालायला टेक्निकल लायब्ररीत गेली आणि परत येताना अदलाबदल झाली. त्या दुसऱ्या विमानात आरचं पुस्तक होतं, आणि ते तसंच चार दिवस उडत होतं. आरचे आकडे कमी, म्हणजे त्यात धोका नव्हता, असं एक जण म्हणाला. मला ते तेव्हाही पटलं नाही. पुस्तक दुसऱ्याचं असेल तर त्यातला बरोबर आकडासुद्धा योगायोगानं बरोबर असतो.

दोन्ही विमानं थांबवली. रिपोर्ट लिहिले गेले. मीही लिहिला, आणि त्यात फळ्याची गोष्ट लिहिली.

संध्याकाळी मी लायब्ररीत गेले. तिथल्या काकांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. पुस्तकं परत पाठवणारे तेच, आणि सगळे त्यांच्याशी जरा कमी बोलत होते. मी दारात उभी राहिले तर म्हणाले, "ये, बस. आज चारही पुस्तकं पहिल्यापासून तपासतोय. तू पानं वाच, मी यादी धरतो."

पुस्तकाच्या सुरुवातीला चालू पानांची यादी असते, कोणतं पान कोणत्या तारखेचं ते सांगणारी. मी पानाचा क्रमांक आणि खालची तारीख वाचायची, काका यादीवर पेन्सिलीनं टिंब द्यायचे. बदललेल्या मजकुराशेजारी समासात काळी उभी रेघ असते. काका त्या रेघेवर बोट ठेवून थांबायचे आणि काय बदललंय ते मोठ्यानं वाचायला लावायचे. काही ठिकाणी एक शब्द बदललेला असे, काही ठिकाणी एक आकडा. जुनं पान काढलं की ते फाडून टाकायचं, म्हणजे चुकून परत लागत नाही. नवं घातलं की शेवटी बदलांच्या नोंदीच्या पानावर क्रमांक, तारीख, सही.

"हा फेरफार झाला की," मी म्हणाले.

"तलाठ्याची पोरगी ना तू?" काका पहिल्यांदा हसले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "एकवीस वर्षं पानं बरोबर लावली. त्या दिवशी पानंही बरोबरच लावली, बघ. कव्हर तेवढं बघायचं राहिलं."

चौथं पुस्तक संपायला रात्रीचे साडेनऊ झाले. एकही पान चुकीचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्या आरचं वजन करायचं होतं. काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. हँगरची दारं बंद केली, कारण पंखांवर वारा आला तर आकडा हलतो. टाक्या रिकाम्या केल्या, विमान समपातळीत आणलं, तीन चाकांखाली तीन काटे. इंजिनिअर एकेका काट्याचा आकडा मोठ्यानं म्हणत होते आणि तो कागदावर उतरत होता. फळ्यावरच्या ज्या 767 वर मी बिनधास्त बेरीज केली होती, तो आकडा अशा एखाद्या बंद दुपारी कोणीतरी श्वास रोखून मिळवलेला असतो, हे मला तेव्हा दिसलं.

आता मी स्वतः शिकवते. 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. मोठ्या विमानांत परवानगी घेऊन बरीच पुस्तकं टॅबलेटवर गेली. आमच्या छोट्या विमानांत अजून कागदच आहे. नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी मी त्याला पुस्तक, नोंदणीचा दाखला आणि विमानाच्या अंगावरची धातूची पट्टी या तिन्हींवरचा अनुक्रमांक मोठ्यानं वाचायला लावते. मनात वाचला की डोळा आपल्याला हवा तोच आकडा वाचतो. एक मुलगा मागे कंटाळून म्हणाला, "मॅडम, काल पण हेच विमान होतं." मी त्याला परत पहिल्यापासून वाचायला लावलं.

कमर्शियल लायसन्स मिळालं त्या आठवड्यात बाबा आमच्याकडे आले होते. त्यांना विमान दाखवायला नेलं, योगायोगानं तेच आर बाहेर उभं होतं. मला वाटलं पंखाला हात लावतील, आत बसून बघतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कागद कुठायत याचे?"

मी पिशवी दिली. नोंदणीचा दाखला त्यांनी उजेडात धरला. व्हीटीनं सुरू होणारी खूण, कोणी बनवलं, अनुक्रमांक, मालकाचं नाव, एकेका ओळीवरून बोट फिरवत गेले. मग पट्टीवरचा अनुक्रमांक बघितला आणि तो दाखल्याशी ताडून पाहिला. शेवटी पुस्तक हातात घेतलं.

"आणि फेरफार?"

मी नोंदीचं पान काढून दिलं. काका तोवर निवृत्त झाले होते. पानावर वरपासून खालपर्यंत त्यांच्या सह्या होत्या, आणि अदलाबदलीनंतरच्या तारखेपासून प्रत्येक सहीशेजारी त्यांनी बारीक अक्षरात विमानाचा अनुक्रमांकही लिहिला होता. त्या रकान्यात तो लिहायची गरज नसते. बाबांनी सगळ्या ओळी वाचल्या, पुस्तक मिटलं, पिशवीत जसं होतं तसं ठेवलं.

"चल," ते म्हणाले, "आता बसून बघू."