अभ्यासवृत्ती आणि बिऱ्हाड

कोणी परदेशी अभ्यासासाठी निघाला, की आपण प्रथम अभ्यासवृत्तीची रक्कम विचारतो आणि मग विद्यापीठाचे नाव. तो राहणार कोठे, जेवणार काय, ग्रंथालयात त्यास कोण जाऊ देणार, हे प्रश्न घरातील आजीने विचारावयाचे, असा आपला समज आहे. आम्ही मात्र दिवसेंदिवस आजीच्याच पक्षाचे होत चाललो आहोत. विद्या बुद्धीने मिळते हे खरे. पण बुद्धीलाही रात्री निजावयास जागा आणि सकाळी बसावयास टेबल लागते.

हा विचार आमच्या मनात पक्का झाला तो आमच्याच एका माजी विद्यार्थिनीमुळे. ती आज कायद्याची अध्यापिका आहे. अमेरिकेतील एका विधिविद्यालयाने तिला चार महिन्यांसाठी अभ्यागत संशोधक म्हणून बोलाविले, आणि जाण्यापूर्वी कित्येक संध्याकाळी तिचे कागद आमच्या टेबलावर पसरलेले असत. ‘सर, एवढे वाचून पाहा,’ असे म्हणून ती एकेक पत्र पुढे करी.

अभ्यागत संशोधक म्हणजे विद्यार्थी नव्हे. त्याला परीक्षा नाही, पदवी नाही, हजेरी नाही. त्याने आपला विषय घेऊन जावयाचे, ग्रंथालयात बसावयाचे, तेथील अध्यापकांशी चर्चा करावयाची आणि लिहिलेले घेऊन परतावयाचे. त्यासाठी प्रथम त्या विद्यालयातील एखाद्या अध्यापकाने ‘या विषयावर मी यांच्याशी बोलेन’ असे मान्य करावे लागते. मग तारखा ठरतात. मग पैशाचा हिशेब दाखवावा लागतो. कारण अशा सर्वच जागांना वेतन असते असे नाही, उलट काही संस्था पाहुण्याकडूनच शुल्क घेतात. एवढे झाल्यावर संस्था डीएस-२०१९ या क्रमांकाचा कागद पाठविते, आणि तो हाती असेल तरच जे-१ नावाच्या प्रवेशपरवान्यासाठी वकिलातीत जाता येते. आजारपणाचा विमाही उतरवावाच लागतो. तो त्या देशाचा नियमच आहे.

हे सारे पार पडले. अडले ते बिऱ्हाडापाशी. विद्यालयाने टेबल दिले, ग्रंथालयाचे ओळखपत्र दिले. खोली मात्र तिची तिने शोधावी, असे नम्रपणे कळविले. तेथील घरमालक वर्षाचा करार मागत. हिला हवे होते चार महिने. ते पूर्वीच्या कर्जफेडीचा दाखला मागत. नवख्या माणसाजवळ तो असणार कोठून? अखेर एका वृद्ध बाईंनी आपल्या घरातील खोली दिली. ‘त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या,’ तिने आम्हांस लिहिले, ‘रात्री परत किती वाजता येणार, आणि स्वयंपाकघर लागणार का. त्यानंतर माझा अभ्यास सुरू झाला.’ त्यानंतर! ते पत्र वाचताना या एका शब्दावर आम्ही थांबलो; कारण आम्ही बडोद्याचे, आणि बडोद्याला या बाबतीत एक जुनी आठवण आहे.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. अभ्यासवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा करार होता. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या वसतिगृहातील जेवण मानवेना, म्हणून त्यांनी जागा बदलल्या, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाच्या सोबतीने त्यांचे बिऱ्हाड स्थिरावले. ही मैत्री पुढे जन्मभर टिकली. १९१५ साली ते एम. ए. झाले.

१९१६ साली ते लंडनला गेले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. ग्रेज इनसारख्या संस्थांत तेव्हा एक गमतीची रीत होती: बॅरिस्टर होणाऱ्याने प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या भोजनगृहात जेवावे लागे. आमच्या विद्यार्थ्यांना याचे हसू येते. परंतु त्यामागील विचार खोल आहे. जुन्या वकिलांच्या पंक्तीला बसल्यावाचून नवा वकील त्यांच्यातला होत नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते. पंक्तीला बसणे हा तेथे शिक्षणाचा भाग होता!

१९१७ साली अभ्यासवृत्तीची मुदत संपली. अर्धा राहिलेला अभ्यास चार वर्षांच्या आत येऊन पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ते परतले, आणि कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. आता वाचकांनी आजीचा प्रश्न विचारावा: ते राहिले कोठे?

त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसास या शहरात कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. विजेचा दिवा नाही. रखवालदार देई तो एक लहानसा कंदील. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्यास त्यांनी बजाविले. दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू होता. घरातील नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. दुसरा ख्रिस्ती होता. त्याने पत्नी परगावाहून येईपर्यंत थांबावयास सांगितले, म्हणजे नकारच दिला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचे पाच तास त्यांनी कामाठीबागेत, आजच्या सयाजीबागेत, बसून काढले.

न्यूयॉर्कला ज्यास खोली मिळाली, लंडनला ज्यास पंक्तीत ताट मिळाले, त्यास त्याचा सारा खर्च करणाऱ्या शहरात रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही. महाराजांचे औदार्य यामुळे उणे होत नाही. अभ्यासवृत्ती राजा देऊ शकतो. खोली मात्र गावाने द्यावयाची असते, आणि गावाने ती दिली नाही. कचेरीत चपराशी त्यांच्या टेबलावर फायली दुरून टाकीत, असे चरित्रकार सांगतात. जो माणूस पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, त्याची सेवा बडोद्याच्या हाती आली होती. एका खोलीवाचून ती बडोद्याने गमावली.

पुढची कथा आनंदाची आहे. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले; भथेनांनी कर्जाऊ रक्कम दिली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले; आणि १९२० साली, परवानगीची चार वर्षे उलटण्यापूर्वी, ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ साली डी. एस्सी. झाले. त्या दिवसांत किंग हेन्रीज रोडवरील ज्या दहा क्रमांकाच्या घरात ते राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले. ज्ञानासाठी आलेल्या पाहुण्याच्या खोलीचे मोल काय असते, हे त्या घराकडे पाहून कळते.

आमच्या शहरात महाराज सयाजीराव विद्यापीठ १९४९ पासून आहे. तेथे दरवर्षी परगावची मुलेमुली येतात, कायदा शिकावयासही येतात, आणि आपल्याच आळ्यांतून खोल्या शोधीत हिंडतात. त्यांस आडनाव विचारले जाते; मग खाण्यापिण्याची चौकशी होते; मग ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळते. ही उत्तरे आम्ही आमच्या कानांनी ऐकली आहेत. ती ऐकताना आम्हांस बागेतील ते पाच तास आठवतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या परदेशी संशोधनास जाईल. त्याने आपले कागद वेळेवर करावेत, हिशेब चोख ठेवावा, आणि निघण्यापूर्वी खोलीची खात्री करून घ्यावी. परंतु बहुतेक जण येथेच राहतील, घरे बांधतील, आणि त्यांच्या दाराशी कोणी पुस्तकांची पेटी घेऊन उभा राहील. त्यास भाडे सांगावे, पाणी किती वाजता येते ते सांगावे, आणि किल्ली द्यावी. बाकीचे त्याचा अभ्यास पाहून घेईल.